डी-नऊ

अल-खौदमध्ये सकाळी नवालाच बेचाळीस.
इन्क्युबेटरमध्ये सदतीस.
म्हणजे या दिवसांत
माझ्यापेक्षा पेशी गारव्यात राहतात.

माणसाच्या आहेत. कोणाच्या, ते नळीवर लिहिलेलं नाही.
शहाण्णव खळगे, खळग्यात एकेकटी पेशी,
प्रत्येकीत एकाच जनुकावर कात्री चालवलेली.
अख्खा शब्द खोडायचा नसतो.
दोन अक्षरं गळाली तरी पुढचं वाक्य बरळत जातं
आणि विकर घडतच नाही.

माझ्या आत्याने एकदा आमटीत मुद्दाम मीठ घातलं नव्हतं,
कोण बोलतंय ते बघायला.
तिघंही मुकाट जेवून उठले.
तिचा प्रयोग फसला, की तिला उत्तर मिळालं,
हे मला अजून ठरवता येत नाही.

झुवैनाच्या भाषेत बाकल्याला फूल म्हणतात.
पहिल्या दिवशी तिने सांगितलं,
माझ्या मुलाला कुणीतरी फूल दिलं आणि तो मरता मरता वाचला,
तेव्हा मी वेड्यासारखी हसले होते.
चार वर्षांचा मुहन्नद. आजोळची न्याहारी.
तिसऱ्या दिवशी डोळे हळदीचे, लघवी कोऱ्या चहासारखी.
त्याआधी चार वर्षं काहीच नव्हतं, ती म्हणते,
पळायचा, पडायचा, खजुराच्या बिया नाकात घालायचा.
त्याच्यात ते विकर दुबळं आहे.
डी-नऊमध्ये मुळीच नाही.

मुळीच नाही, याचा पुरावा आहे:
फिल्मवर जिथे काळी पट्टी यायला हवी
तिथे घासून ठेवलेल्या पाटीसारखं स्वच्छ.
आणि तरी डी-नऊ वाढतंय.
शेजारच्या डी-दहाइतकंच, त्याच चालीने.
मला थोडा रागच आला.
मग सापडलं, दुसरंच एक विकर
न सांगता तिचं काम उरकत होतं.

चिपळूणला आईच्या गोळ्यांची डबी मी भरायचे.
आता वरचा भाडेकरू भरतो, भोसेकर.
मंगळवारची कधी बुधवारच्या घरात पडते,
पण काही अडत नाही, आई म्हणते.
दर शुक्रवारी म्हणते. काही अडत नाही.

गुरुवारी आम्ही खळग्यांत पेरॉक्साइड घातलं,
जखमेवर फसफसतं तेच, फार फार पातळ.
डी-दहा जरा आक्रसलं, सावरलं.
डी-नऊच्या पेशी चारपर्यंत गोल झाल्या
आणि तळ सोडून तरंगू लागल्या,
पावसाळ्यात दिव्याखाली पडलेल्या पंखांसारख्या.
झुवैना सूक्ष्मदर्शकावरून उठेचना.
किती घातलं होतं, तिने विचारलं.
मी आकडा सांगितला.
एवढंच? ती म्हणाली. अरबीत, स्वतःशी.

रात्री फोन लावला. गोळ्या?
घेतल्या.
आणि परवा वाशिष्ठी चढली तेव्हा?
अगं, भोसेकर गावाला गेलेला.
मग पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
बसले जिन्यावर, डबी पदरात बांधून.
तिसऱ्या पायरीवरून गेलं परत पाणी.
तुला कशाला सांगायचं?

वहीत लिहिलं आहे:
डी-नऊ. विकर नाही. एरवी वाढ नेहमीसारखी.
त्यातला ‘एरवी’ मी नंतर घातला,
दोन शब्दांच्या मधे, वरून,
काकपद काढून.