चार अंश

तळोज्याच्या पुलावरून कासाडीत
दोरीला बांधून बाटली सोडते.
आधी फेस येतो वर, मग रंग,
पाणी सर्वांत शेवटी.

विरघळलेला ऑक्सिजन शून्य पॉइंट नऊ.
आकडा लिहिताना हात रेंगाळतो,
दारात नातेवाईक उभे असल्यासारखा.

नमुने चार अंशांवर न्यायचे.
बर्फ चांगूबाईंच्या पाटीतला, पापलेटांखालचा.
"नदीला कनाला गो बरफ?
ताप आयलाय का?"

प्रबंध लिहिला तो गोठलेल्या नद्यांवर:
वर जाड कवच, खाली
अंधारात वाहतं पाणी, सुस्त, जिवंत मासे.
त्यातली एकही पाहिली नव्हती.

लॅबमध्ये पेटी उघडते.
बाटलीभोवती बर्फ जमून एकसंध,
आत कासाडी, हलत नाही.
काचेला बाहेरून चिकटलेला
एक खवला.

तो पुसत नाही मी.