रविवारांचा हिशेब

नवा कायदा शुक्रवारी लागू झाला.
रेमान्सोच्या कोर्टात त्या दिवशी पंखा बंद होता,
बाकी काही बदललेलं दिसलं नाही.
खिडकीबाहेर तापाजोस नदी, हिरवी, रुंद,
वादी-प्रतिवादी कुणाचीच नसलेली.
फक्त माझ्या टेबलावर एक जाड पुस्तक आलं,
पानांना अजून गोंदाचा वास,
आणि कपाटात चारशे बारा फायली
डाव अर्ध्यावर, दांडू हातात,
विटी तेवढी कुणीतरी बदललेली.

दोर्व्हालिना आली ईस्टरनंतरच्या सोमवारी,
दोन तास होडीत बसून,
बाहीला कसाव्याचं पीठ.
दावा अकरा वर्षांचा:
तिच्या दारापासून नदीपर्यंत एक वाट होती,
जेनेझिओने धक्का बांधला, वाट बुजली.
एवढंच. एवढ्याचे तीन खंड झालेत.

"पंधरा दिवसांत उत्तर द्या म्हणालात," ती म्हणाली,
आणि काउंटरवर बोटं मोडत बसली.
शनिवार सोडला, रविवार सोडला,
नव्या पुस्तकात आता ते धरत नाहीत,
रेडिओवर सांगत होते,
पवित्र गुरुवार सोडला, शुक्रवार सोडला.
"आज तेरावा."

तेरावा.
मी कॅलेंडर फिरवून तिच्याकडे केलं.
बाई, तुमची मुदत सुरू झाली तेव्हा
राज्य जुन्या कायद्याचं होतं,
आणि जुना कायदा रविवारीही चालायचा,
चर्चमध्ये बसलेल्या माणसाच्या पाठीमागे.
सुरू झालेली मुदत त्याच्याच पावलांनी संपते.
आज एकविसावा.
मुदत गेल्या मंगळवारी संपली.

"म्हणजे त्या आठवड्यातला रविवार मोजायचा
आणि पुढच्या महिन्यातला नाही?"
हो.
"रविवार तोच ना?"
मी शिक्का मारला: मुदतबाह्य.
एकवीस वर्षं शिक्का मारतेय,
त्या दिवशी शाई हाताला लागली.

मे महिन्यात सुनावणी.
जेनेझिओचे वकील वाल्देसिर साहेब
नवं पुस्तक छातीशी धरून उभे:
ओस्मारिनोची साक्ष जुन्या पद्धतीची,
टंकलिखित, ना आवाज ना चित्र,
ती रद्द करावी, साक्षीदाराला पुन्हा बोलवावं.
ओस्मारिनो, दोर्व्हालिनाचा नवरा,
सहा वर्षांपूर्वी टेकडीवर पुरला.
त्याला कुठल्या पत्त्यावर समन्स पाठवायचं
हे नव्या पुस्तकात नाही. मी शोधलं.

न्यायाधीश बेलेंमहून आलेली, वयाने माझ्या मुलीएवढी.
तिने पान उलटलं नाही, वर पाहिलं.
ज्या दिवसाचं काम, त्या दिवसाचा नियम, म्हणाली.
तेव्हा रीतसर झालं, ते झालं.
यापुढचं यापुढच्या रीतीने.

ज्या वाक्याने मार्चमध्ये तिचं उत्तर बुडालं
त्याच वाक्याने मे महिन्यात नवरा तरला.
दोर्व्हालिनाच्या हे लक्षात आलं का, माहीत नाही.
ती म्हणाली, तो कागद एकदा वाचून दाखवा.

टाइप मीच केला होता, नऊ वर्षांपूर्वी,
फीत संपत आलेली, अक्षरं फिकट.
"वाट होती. मी तिथून भोपळे न्यायचो.
पाणी चढलं की होडी थेट फणसाला बांधायचो.
बायको ओरडायची, दोरी नवी आहे म्हणून."
कुणीतरी हसलं. बहुतेक जेनेझिओच.
मग तो धक्क्याविषयी काही बोलला नाही,
खाली बघून टोपीची कड चाचपत राहिला.
निकाल अजून लागलेला नाही.

संध्याकाळी मी फाइल शिवायला घेतली.
नवे कागद जुन्यांपेक्षा बोटभर लांब,
कडा जुळत नाहीत,
सुई दोन्हींतून एकाच भोकाने न्यावी लागते.

जाताना तिने काउंटरवर पिठाची पिशवी ठेवली होती.
मी धक्क्यापर्यंत धावत जाऊन परत दिली.
ह्या बाबतीत, बाई,
दोन्ही कायदे सारखेच आहेत.