पाचवं झाड

लग्नं टिपतो मी. हळदीत ड्रोन उडवतो, वरातीत उडवतो,
नवरी गाडीत बसली की टपावरून वर वर नेत
अख्खं घणसोली दाखवतो एका फटक्यात.
म्हणून दिवा कोळीवाड्याहून फोन आला तेव्हा
वाटलं, तारीख विचारतायत.

हसुराम मढवी. वय चौऱ्याहत्तर.
राखाडी सदरा, मातकट लुंगी,
चिखलात हरवायचं ठरवूनच नेसल्यासारखी.
काल दुपारी "जालं बघून येतो" म्हणून निघाले.
जाळं विकून अकरा वर्षं झाली.

जेट्टीवर, अग्निशमनच्या जीपच्या बॉनेटवर स्क्रीन.
चमक येऊ नये म्हणून कुणीतरी वर चादर धरली.
चादरीखाली मी, एक जवान,
आणि हसुरामची भावजय दमयंती,
हाताला सुक्या बोंबलाचा वास.

बावीस मिनिटांची एक बॅटरी. अशा चार.
पाच दहाला भरतीचं पाणी आत शिरणार.

वरून बघताना आधी हे कळतं
की माणसासारखं बरंच काही असतं.
थर्माकोल म्हणजे बनियन. ओंडका म्हणजे पाठ.
एकदा मी "सापडले!" म्हणून ओरडलो.
जवळ घेतलं तर मागच्या वर्षीच्या गणपतीचा हात,
कोपरापासून वर,
आशीर्वाद देत होता.
चादरीखाली कुणीच काही बोललं नाही.

ठाण्याहून उष्णता दाखवणारा कॅमेरा आला.
पण दुपारी दोनला चिखल माणसाइतकाच तापतो,
स्क्रीनवर सगळी खाडीच जिवंत.

चटई विणावी तसा जात होतो, उभा, मग आडवा.
नवव्या वर्षापासून याच खारफुटीत
कमरेएवढ्या गाळात निवट्या नि चिंबोऱ्या धरलेली बाई
म्हणाली, "वरशी मना काय कलत नाय रं."
तिच्या गावाची मी कोथिंबिरीची जुडी केली होती.

तिसऱ्या बॅटरीला ती म्हणाली, थांबव.

मला हिरवं दिसत होतं. हिरवं,
आणि त्यावर पांढरे ठिपके.

"बगले मोज."

चार झाडांवर बगळे.
पाचवं रिकामं.
सहाव्यावर परत बगळे.

"पाचव्याखाली कोनतरी हाय."

होडी निघाली. होडीतून झाडं सगळी सारखीच,
म्हणून मी यंत्र त्या पाचव्यावर टांगून ठेवलं,
नकाशात टाचणी खुपसावी तसं.
अकरा टक्के. सात.
ते परत यायला ओरडत होतं, मी बटण दाबलं नाही.
चारवर आपणहून उतरलं, चिखलात,
नऊ हप्ते बाकी असताना.

हसुराम आले, छातीपर्यंत काळे, जिवंत.
रात्रीची भरती फांदीवर काढलेली.
म्हणाले, भुंगा फिरत होता डोक्यावरून, चार वेळा,
म्हणून पाला ओढून बसलो.
दमयंतीनं माझ्याकडे बोट दाखवलं: ह्यो व्हता तो भुंगा.
त्यांनी मला नीट बघून घेतलं.
"वरशी बघत व्हतास,
त हाक का नाय मारलीस?"

मी चादरीची घडी करायला घेतली.
चादर माझी नव्हतीच.

परवा कोपरखैरण्याला हळद होती. यंत्र भाड्याचं.
वरून मंडप, मंडपात पिवळी डोकी.
मी मोजली. कुणी सांगितलं नव्हतं,
तरी दोनदा मोजली.
एक पोरगं मंडपाबाहेर, गटाराच्या कठड्यावर,
वर बघून ड्रोनला हात हलवत होतं.
मी तोंडाशी हात धरून हाक मारली,
ए टोपीवाल्या, उतर खाली!

त्यानं ऐकली. थबकलं.
आणि अजून जोरात हात हलवत
वरच बघत राहिलं.