एका बरणीएवढी फळी

फिलिपाबाईंना फळ्या जुन्या हव्यात.
जुन्या म्हणजे नव्याच, पण जुन्या दिसणाऱ्या.
मी सुतार. गिऱ्हाईक सांगेल ते वय लाकडाला देतो.
साखळीने झोडपतो, कडा तासून बोथट करतो,
व्हिनेगरमध्ये आठवडाभर खिळे गंजवून
ते पाणी फासतो, वर चहाचा एक हात.
चार दिवसांत ऐंशी वर्षं.
माझ्या वडिलांना ऐंशी व्हायला फार वेळ लागत होता,
शेवटी जमलंच नाही.

तैवी नदीच्या वर, चढावर हे घर.
भिंती हातभर जाड, दारं माणसापेक्षा बुटकी,
आणि स्वयंपाकघरामागे, उत्तरेला, ही खोली.
खोली कसली, चार पावलांची फट:
काळ्या पाटीच्या दगडाचा ओटा,
जस्ताच्या जाळीची खिडकी,
आढ्याला डुकराच्या मांडीसाठी दोन आकडे.
ऊन इकडे कधी फिरकलेलं नाही.
जुलैतही ओट्यावर हात ठेवला
की थोड्या वेळानं तो दुसऱ्या कुणाचा वाटतो.

ब्रिस्टलहून खोकी येऊन पडली आहेत.
एनॅमलचे डबे, कारखान्यातूनच टवके उडवून आलेले.
साठ बरण्या.
चिठ्ठ्यांचा कागद पिवळा, शाई मुद्दाम फिकी.
फळीच्या कडेला लावायची कातरलेली कागदी झालर.
"दीड फूट खोल करा, इद्रिस," बाई म्हणाल्या,
"भरगच्च दिसायला हवं."

चुन्याआधी भिंत खरवडली
तर बाजूच्या गिलाव्यात जुन्या फळ्यांच्या टोकांचे ठसे.
पाच, एकाखाली एक.
टेप लावली: वीतभरसुद्धा नाहीत.
एवढ्या थंड, एवढ्या चांगल्या खोलीत
एवढीशी फळी!
कुणीतरी लाकूड वाचवलं, म्हटलं,
आमच्यातलाच कुणी चिकट.

गुरुवारी नेस्टा आली, काठी टेकत.
एक्याण्णव वर्षांची, जन्म याच घरातला,
आता खाली बसथांब्यामागच्या सरकारी घरात असते.
फिलिपाबाईंनी खुर्ची दिली, वही उघडली:
"सांगा ना, कसं होतं?
अगदी तसंच करायचंय मला."

नेस्टा ठशांकडे बघत होती.
"एका बरणीएवढी फळी," ती म्हणाली.
"मागे ठेवायला दुसरी बरणी होती कुठे?
होत्या त्यांतल्याही निम्म्या रिकाम्या.
आई आतून तपकिरी कागद गुंडाळायची,
तो सफरचंदाचा मुरांबा.
माझ्या फाटक्या लाल परकराची चिंधी,
ते बीट.
रविवारी चॅपलहून बायका यायच्या,
तेव्हा दार अर्धं उघडं.
नजर पोचेल इतकं,
हात पोचणार नाही इतकं."

झाकली मूठ सव्वा लाखाची.
झाकली बरणी किती लाखांची
ते तिच्या आईनं कधी मोजू दिलं नाही.

वहीत काही उतरलं नाही.
बाहेर कुणाचं तरी मेंढरू खोकलं.

मग नेस्टानं त्या साठांतली एक बरणी उचलली,
खिडकीकडे धरली.
"ह्यांत काय भरणार?"
"अजून तसं ठरवलं नाही," फिलिपाबाई म्हणाल्या,
आणि मानेपर्यंत लाल झाल्या.
"म्हणजे आईचंच चाललंय,"
म्हणत म्हातारी इतकी हसली
की मला तिची काठी धरावी लागली.

दीड फुटाच्या चार फळ्या मी ठरल्याप्रमाणे बसवल्या.
झोडपलेल्या, चहा पाजलेल्या. पैसे त्यांचेच घेतले.
पाचवी सगळ्यात वरच्या ठशावर, त्याच मापाची,
साधा देवदार, साखळी न लागलेला.
तिला अजून करवतीचा वास येतो.
ती बिलात लिहिली नाही.
का, ते बाईंनी विचारलं नाही.

जाण्याआधी नेस्टानं हातातली बरणी मला वर ठेवायला दिली.
कोरी, स्वच्छ, आरपार दिसणारी.
मी ठेवली.
"फिरव जरा," ती खालून म्हणाली,
"चांगली बाजू दाराकडे."