इतर

सकाळी लाइफ ड्रॉइंग. समोर स्टुलावर
कॉटन मार्केटचे हमाल सोमाजी,
त्यांच्या खांद्याचा उतार
तीन आठवडे झाले, जमून नाही राहिला.

दुपारी बस, इतवारी.
धकातेकाकांचं फ्लेक्सचं दुकान,
कॉलेजच्या कागदावर चार क्रेडिट,
इथं तापलेलं मशीन, शाईचा वास,
अन् “पोरी, कडेला मार्जिन सोड.”

बाबा मे महिनाभर लोकांच्या कूलरला
वाळ्याच्या ताट्या लावत फिरतात.
रात्री ओल्या हातांनी जेवायला बसतात, विचारतात,
चित्रं काढून काय होते वं?

आज पहिलं बिल केलं, माझ्या नावाचं.
तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, पंचवीस नग.
रंग, एवढे. ब्रश दोन. ऑटो, जाऊन-येऊन.
मग पेन अडला.
अकराव्या बैलाच्या वशिंडाखाली सावली देताना
सोमाजींचा खांदा आला होता
एकदाचा.
तो कोणत्या रकान्यात लिहू?

काकांनी चष्म्यावरून पाहिलं.
“‘इतर’मध्ये टाक. अन् कमी नको लावू.”

आकडा लिहिला. घाबरून खोडला.
पुन्हा तोच लिहिला,
जरा दाबून,
खालच्या कार्बनवर उमटेल असा.