चिन्नोर

गोऱ्हा पडला बुधवारी,
बोडीच्या पल्याड, अनुसया दडमलच्या धुऱ्यावर.
मला कळलं गुरुवारी दुपारी.
तोवर अख्खं गाव तिथून फिरून आलं होतं.

पंजा म्हणून जे उरलं होतं
त्यावर सायकलचा टायर, त्यावर बकरीचा खूर,
आणि शेजारी कुण्या लेकरानं काडीनं काढलेला
वाघ.
तो मात्र अगदी नीट. मिशांसकट.

मी रोजंदारीचा माणूस. पिशवीत
दीड किलो प्लास्टर, पत्र्याचं कडं, टेप, पाण्याची बाटली
आणि छापील कागद, दोन प्रतींत.
साहेब म्हणाले होते, या बीटात पट्टेदार नाही.
तरस असेल. नाहीतर मोकाट कुत्री.
दिसलं ते लिहू नको, सिद्ध होतं ते लिही.

"मी पायलो ना जी," बारिक कोडापे सांगतो,
"ऐनाच्या बुडाशी बसून होता. माह्याकडे पाहे,
जसा जावई पाहते, वाढाले उशीर झाला तं."
रंग?
"आता रंग काय सांगू. सांज होती.
सांजेचाच रंग होता."
लांबी? त्यानं दोन्ही हात पसरले,
मग जरा मिटले, मग पुन्हा पसरले.
मी लिहिलं: अंदाजे.

ऐनाच्या सालीवर ओरखडे, माझ्या डोक्याच्या वर.
ते अस्वलाचेही असू शकतात.
तारेला एक केस, अर्धा पांढरा.
तो बैलाचाही असू शकतो, बारिकचाही.
गळ्यावर चार भोकं होती म्हणे;
पण गुरुवारपर्यंत गळाच उरला नव्हता
भोकं दाखवायला.

कुड्याच्या झुडपापाशी वाकलो
आणि वास आला.
नव्या चिन्नोरचा. गंज उतरवून
झाकण सरकवल्याबरोबर येतो, तसा.
आसपास चूल नाही, धूर नाही, गाव दीड कोस,
बांधीतलं धान अजून पोटरीत.
पान उलटलं. मागून ओलं.
कमरेच्या उंचीवर, खालून वर उडवल्यासारखं.

बाप सांगायचा, तो मुततो तिथं भात शिजतो.
आम्ही हसायचो.
मी मान न वळवता
पिशवीची चेन लावली.

भिजवलेलं प्लास्टर वाया जाऊ नये म्हणून
लेकराच्या वाघावर ओतलं.
तेवढा एकच ठसा पक्का निघाला.

कागदावर अठरा रकाने. वासाला एकही नाही.
'इतर'मध्ये लिहिलं: भाताचा वास आला.
साहेबांनी खोडलं.
म्हणाले, जेवून जात जा रे.

मग दोन कॅमेरे मिळाले, एकाचे सेल उतरलेले.
अकरा दिवस, एकशे सत्तर फोटो:
बकऱ्या. सायाळ. बकऱ्या.
सरपणाच्या मोळ्या, खाली पदरानं झाकलेली तोंडं.
जीभ दाखवणारं एक पोरगं, बहुतेक तेच.
पहाटे ५.४१, मी. वाकून दोरी आवळताना.
पहाटे ५.५२, कुणी नाही.
नुसतं गवत, एका अंगाला झुकलेलं,
अजून उभं न राहिलेलं.
साहेब म्हणाले, वारा.
वारा नव्हता. पण वारा नव्हता
याचाही पुरावा नाही.

"तं मंग काय लिवलं?" अनुसयाबाईनं विचारलं.
'प्राणी अज्ञात.'
"अज्ञात खाते काय येवढं?"
ती रिकामं दावं गुंडाळत होती,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, पुन्हा कोपरापर्यंत.
मी सही घ्यायचीही विसरलो.

आता धान घरात आलं.
परवा बायकोनं गंज उतरवला, झाकण सरकवलं.
लेकरं ताटं घेऊन बसली.
मी उठलो. बॅटरी घेतली.
आधी दाराची कडी पाहिली,
मग परसातल्या कर्दळीची पानं,
एकेक उलटून.
आतून हाक येत होती,
भात थंडा होते जी.