वजाबाकी

एका लिटरला एक काडतूस.
पोलादी, करंगळीएवढं, दहांचं खोकं.
रिकामी परत दिली की नवी मिळायची,
आणि देझ्शो दर वेळी काउंटरवर हुज्जत घालायचा,
"हवेचे एवढे फोरिंट?"
"हवा नाही आजोबा, वायू."
"तोच ना, मी नाकातून सोडतो तो?
मी तर फुकट सोडतो."

मार्चमध्ये पोनग्राट्सचा गुत्ता बंद पडला.
बिअरच्या नळाचं सिलिंडर त्यानं मातीमोल भावात उचललं,
नातवाच्या जुन्या बाबागाडीत घातलं,
वर दुपटं.
शेजारच्या बोरबालाबाई कौतुकानं वाकल्या
आणि तशाच सरळ झाल्या.

मग रेग्युलेटर, दोन मीटर नळी, तीन वॉशर
(दोन चुकीचे).
पाणी आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये.
कोमट पाणी वायू धरत नाही, तो म्हणायचा,
उधळ्याच्या खिशासारखं असतं.
मासळीवाल्याच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीनं हिशोब:
रोज दोन लिटर, वाइनमध्ये घालायचा तो वेगळा,
सगळा खर्च एकोणीस महिन्यांत वसूल,
पुढे नफाच नफा.
सेगेदमध्ये उन्हाळा तापला,
तिसेकाठची बाकं हात लावू देईनात,
आणि आमच्या घरात राजेशाही,
नाकात झोंबेल असा सोडा
कुंड्यांनासुद्धा.

एकच अडचण. आत किती उरलंय ते कळत नाही.
वायू आत द्रव होऊन बसतो,
घड्याळाचा काटा जवळजवळ शेवटपर्यंत
सगळं ठीक आहे म्हणतो.
म्हणून वजन.
न्हाणीघरातल्या काट्यावर सिलिंडर ठेवलं तर आकडाच झाकतो,
म्हणून दर रविवारी, चर्चची घंटा झाली की,
हा चड्डीवर, सिलिंडर कवेत घेऊन, काट्यावर.
लग्नात मला उंबरठ्यावरून उचललं नव्हतं.
पाठ धरेल म्हणाला होता.

मी आकडा वाचायचा.
त्यातून तो स्वतःला वजा करायचा: ब्याऐंशी.
ट्राम डेपोतून निवृत्त झाला त्या दिवशीचे ब्याऐंशी,
त्याच्या मते कायमचे.

जूनमध्ये तो गंभीर झाला.
गळती आहे म्हणाला.
साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावला,
दाढीच्या ब्रशनं, गुडघे टेकून.
एक बुडबुडा नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मी वाचलं,
एकोणनव्वद पूर्णांक तीन.
त्यानं वजाबाकी केली, पुन्हा केली.
सात किलो तीनशे.
सिलिंडरच्या मानेवर ठोकलेलं आहे: रिकामं, साडेआठ.
"एतेल्का," तो ओरडला, "रिकाम्यापेक्षा कमी!
आणि सोडा बघ, कसा फसफसतोय!
आपण फुकटात पितोय, एतेल्का!"

मी त्याच्या पट्ट्याकडे बघत होते.
खुंटीवर लटकलेला,
खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं.
कातडं सैल पडतं, असं तो म्हणाला होता
आणि मीही मान डोलावली होती.

"ते खाली ठेव," मी म्हटलं.
"एकटा उभा राहा."
"एकट्याचं काय मोजायचं? ते माहीत आहे."
"उभा राहा."

सत्त्याहत्तर.

नळ ठिबकत होता. तोही त्यानंच दुरुस्त केलेला.
बराच वेळ तो आपल्या पावलांकडे बघत राहिला,
मग कानामागची पेन्सिल काढली,
कॅलेंडर उलटं केलं,
ओठ हलले.
"म्हणजे सिलिंडर बारा तीनशे," तो हळूच म्हणाला.
"अजून तीन किलो आठशे आहे आत."
चेहरा उजळलेला.
"ईस्टरपर्यंत पुरेल."

सोमवारी आठची ट्राम पकडली.
इस्पितळात किती ताटकळावं लागेल, सांगता येत नाही.
मी पहाटेच एक बाटली भरली, गार,
ओल्या पंचात गुंडाळली, मांडीवर घेतली.
तिथल्या कॅन्टीनमध्ये पाण्याला
काय घेतील कोण जाणे.